मला हुशार ठरवणाऱ्या मॅडमना

प्रिय शैलामॅडम,

काल पेपरात तुमचा फोटो पाहिला. खाली लिहिलं होतं, ‘निरीक्षणगृहातल्या लेकरांची माय गेली.’ आधी रडले. मग राग आला. म्हणून लिहितेय.

तेल्हाऱ्याची वैशाली आठवते? ताईचा गळा दाबणाऱ्या भाऊजींच्या डोक्यात मी वरवंटा घातला होता. ते अकोल्याच्या दवाखान्यात वारले आणि मी, सतरा वर्षांची, अमरावतीच्या निरीक्षणगृहात आले.

तिथल्या मानसतज्ज्ञ म्हणून तुम्ही माझ्यापुढे लाल-पांढरे ठोकळे ठेवलेत.

“मॅडम, हे कायले?”

“बुद्धीची चाचणी आहे गं. मन लावून कर. तुझ्या भल्याचंच आहे.”

किती मन लावलं मी! ठोकळे जुळवले, आकडे उलटे म्हणून दाखवले. “हुशार आहेस तू!” म्हणालात. नववीत शाळा सुटलेल्या, झेंडू तोडणाऱ्या पोरीला हे कोणी कधी म्हटलं होतं?

मग हळूच विचारलंत, “डोक्यात वरवंटा मारला तर काय होऊ शकतं?”

“मरू शकते माणूस.”

“हे तेव्हाही ठाऊक होतं तुला?”

“हो. इतकं नाई कळत का मले?”

तुम्ही हसून लिहून घेतलंत. मला वाटलं, हेही उत्तर बरोबर आलं!

ताईचे डोळे पांढरे झाले होते, तिचा गळा सुटावा एवढंच मनात होतं. ते का नाही विचारलंत?

बाल न्याय मंडळापुढे तुमचा अहवाल वाचला गेला. बुद्ध्यांक सरासरीपेक्षा जास्त, परिणामांची पूर्ण जाण. म्हणून खटला मोठ्या माणसासारखा चालवायचा ठरला. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही पर्समध्ये काहीतरी शोधत राहिलात.

बाहेर आई म्हणाली, “काहून इतकी शायनी झाली व तू? येत नाई म्हनायचं होतं!”

ताईच्या साक्षीवर मी सुटले, पण तोवर एकविसावं उलटलं होतं.

ओरडणाऱ्या पोलिसांना मी काहीच सांगितलं नव्हतं, मॅडम. सगळं तुम्हाला सांगितलं. तुम्ही प्रेमाने विचारलंत म्हणून!

एकदा अमरावतीच्या राजापेठेत तुमच्या दारापर्यंत आले होते. बेल न वाजवताच फिरले. आता कोणाला विचारू?

हल्ली अकोल्यात एका वकीलबाईंकडे काम करते. सोमवारी एका सोळा वर्षांच्या मुलीची चाचणी आहे. शब्द देते, ठोकळ्यांना हात लावण्याआधी तिला सांगेन, हा कागद कुठे जाणार आणि कोण वाचणार. खोटं बोल म्हणणार नाही. जे विचारणार नाहीत, तेही सांग म्हणेन.

वैशाली