स्वयंपाकघर वगळून बाकीचे घर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, पूर्वीचा धंदा सोफ्यांची कव्हरे शिवणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवते. कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला जवळ कोणी असते तर बरे वाटले असते. डॉक्टरांनी माझ्या डोक्याचा दाखला दिला. पोटाबद्दल मात्र ते गप्प बसले, म्हणून लगेच लिहायला घेतले. वकिलांना माझी भाषा येत नाही. भाषांतर करणाऱ्याने माझे टोमणे गाळू नयेत, मिळकतीइतकेच तेही माझे आहेत.

१. घराविषयी. या परमुलखातल्या खेड्यात माझे यजमान व मी मिळून हे पडके दगडी घर विकत घेतले. यजमान लिफ्ट दुरुस्त करत. आयुष्यभर लोकांना वर-खाली नेले, आता एका जागी बसू, असे म्हणत. घर आम्ही फोटोत पाहूनच पसंत केले. करारातले एक कलम एजंटाने भरभर वाचले: स्वयंपाकघर व लगतची खोली विकणाऱ्या बाईंकडे त्या हयात असेपर्यंत राहतील. "बाईंचं वय झालंय हो, काळजी करू नका," असे वर सांगितले. आम्ही सामान घेऊन पोचलो तेव्हा त्या बाई अंगणात लाकडे फोडत होत्या. ह्यांनी एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. म्हणाले, "ही आपल्याला पोचवून मगच जाणार." त्या दिवसापासून आम्ही त्यांना मालकीणबाई म्हणू लागलो.

जिना स्वयंपाकघरातून वर जाई, म्हणजे स्वतःच्या घरात शिरायला आम्हाला दार वाजवावे लागे. शेवटी ह्यांनी बाहेरून लाकडी जिना बांधला. मग कौले बदलली, सडक्या फळ्या काढल्या, ओल धरलेल्या भिंती खरवडून चुना लावला. मालकीणबाई खाली खुर्ची टाकून बसत आणि चुका काढत. त्यांची भाषा आम्ही अशी बोलणी खाऊनच शिकलो. वरची उजेडाची खोली मुलासाठी केली. तिथले पडदे, गाद्यांची कव्हरे माझ्या हातची आहेत. त्या पलंगावर अजून कोणी झोपलेले नाही.

२. हत्यारांविषयी. ह्यांची हत्यारांची पेटी शेजारच्या इलेक्ट्रिशियनला द्यावी. ड्रिल मशीन त्याने दोन दिवसांसाठी म्हणून नेले ते त्याच्याकडेच आहे. तेही त्यालाच देते, म्हणजे त्याचे परत न करणे निदान कायद्यात बसेल. शिलाई मशीन त्याच्या बायकोला. ती मालकीणबाईंचे केस धुऊन देते आणि त्यांची कटकट ऐकून घेते.

३. रस्त्याकडच्या दाराविषयी. स्वयंपाकघराचे हे दार खालून कुजले होते, भणभण वारा यायचा. मालकीणबाईंच्या पश्चात ते बुजवून तिथे मोठी खिडकी करायची, असा आमचा बेत होता. एकदा शेंगा सोलताना त्यांनी ह्यांना सरळच विचारले, "माझ्यामागं या दाराचं काय करणार?" ह्यांना खोटे बोलता येत नसे. खिडकी करणार म्हणाले.

"माझा मुलगा कामासाठी गेला तो याच दारानं," त्या म्हणाल्या. "आला तर इथंच येईल. म्हणून तर एवढं ठेवलं, बाकी विकलं."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी फळी आणून दार खालून दुरुस्त केले आणि कडीला तेल घातले. मालकीणबाई आहेत तोवर या दाराला कोणी हात लावू नये.

४. हे गेले ते बाहेरच्या जिन्यावरच, कठड्याला रंग देताना. मालकीणबाई त्या जिन्याने कधी चढल्या नव्हत्या. त्या दिवशी पायरीपायरीला हात टेकत चढल्या, माझ्या शेजारी बसल्या, आणि संध्याकाळी म्हणाल्या, "चल खाली. एकटीनं वर काय करायचं?" तेव्हापासून मी स्वयंपाकघरातच झोपते. ज्या जागेसाठी आम्ही इतकी वर्षे थांबलो ती मला अशी मिळाली. मला ती अशी नको होती.

५. मुलाविषयी. एकुलता एक आहे. वडील गेले तेव्हा आला, हॉटेलात उतरला. निघण्याआधी टेप काढून खोल्यांची मापे घेतली. मालकीणबाईंच्या दारात उभा राहून मला म्हणाला, "आई, हे कधी रिकामं होणार?" त्यांना आपली भाषा कळत नाही हे नशीब. त्यांनी त्याला चहा दिला. अलीकडे फोनवर म्हणतो, "तिकडे वृद्धाश्रम चांगले असतात. गिऱ्हाईक थांबलंय, तू फक्त हो म्हण."

मी हो म्हणत नाही. नुसते स्वयंपाकघर त्यांच्याकडे राहिले तर नवा मालक वरचे गरम पाणी तोडील, आवाज करील, दोन महिन्यांत त्यांना घालवील. म्हणून संपूर्ण घर मालकीणबाईंच्या वापरासाठी, त्या हयात असेपर्यंत, ठेवत आहे. तोवर ते विकता, भाड्याने देता किंवा मोडता येणार नाही. त्यानंतर घर मुलाचे. बँकेतली शिल्लक मी गेल्यावर लगेच त्याची, फक्त लाकूडफाटा आणि औषधे तेवढी त्यातून निघावीत. आम्ही वाट पाहिली, आता पाळी त्याची. त्याच्यावर माझा राग आहे, आणि फोन वाजला की अजूनही मीच धावते.

६. शेवटचे. मालकीणबाईंना आता फारसे आठवत नाही. सकाळी चहा ओतताना मात्र न चुकता विचारतात, "तुझा आला का गं?"

"नाही. तुमचा?"

"येईल."

माझे दुखणे मी त्यांना सांगितलेले नाही. मी गेल्यावरही कोणी सांगू नये. मला मागच्या बाजूने न्यावे. त्या विचारतील तेव्हा इलेक्ट्रिशियनने सांगावे की तिचा मुलगा आला होता, तिला घेऊन गेला. विसरल्या आणि पुन्हा विचारले, तर पुन्हा हेच सांगावे. दोघींपैकी एकीचा तरी आला, एवढे त्यांना कळू द्या.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, बरोबर आहे.

लिहून ठेवणारी : (सही)

साक्षीदार : १. गावचे डॉक्टर (सही) २. टपालवाली (सही)

दोघांनी माझ्यादेखत व एकमेकांदेखत सह्या केल्या. आम्ही वर कौलांच्या कामाचे बोलत आहोत, असे मालकीणबाईंना सांगितले आहे.

ठिकाण : राहते घर. दिनांक : नऊ मार्च.