मासळीच्या बर्फात माझं रक्त

श्रावणातला शनिवार, संध्याकाळ

सकाळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये तपासणीसाठी रक्त देऊन आलो. माझं कॅल्शियम वाढलंय. डॉक्टर म्हणाले होते, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोनही वाढलेलं निघालं तर गळ्याचं ऑपरेशन करावं लागेल. गळ्याचं. मग भजनात आवाज लागेल का? विचारायची हिंमतच झाली नाही.

रक्त घेणाऱ्या मुलीने नळी भरली आणि पाहते तर डब्यातला बर्फ वितळलेला. हे रक्त गार राहायला हवं, म्हणाली. बाहेर पायरीशी हिराबाई कोळीण बसते. तिने टोपलीतला मूठभर बर्फ मुलीने पुढे केलेल्या पिशवीत घातला.

"घे पोरी. दादा, तुमी सरावन पाळता ना? तुमचं रगत चाललं बोंबलांच्या बर्फात."

"रक्त चाललंय, मी नाही," मी म्हणालो.

"देवाला सांगा ते."

हसू आवरेना. मासळीचा बर्फ, तोही शनिवारी. देवाला चालला असेल का? चालला असावा, कारण आत्ताच डॉक्टरांचा फोन आला. हार्मोन वाढलेलं नाही, उलट कमीच आहे. गळ्याला हात लावायचा नाही.

मग त्यांनी विचारलं, "डी व्हिटॅमिनची पावडर आठवड्यातून एकदाच घेताय ना?"

"नाही, रोज. पूजा झाली, तीर्थ घेतलं की त्यावर लगेच."

डॉक्टर म्हणाले,

"तीर्थ चालू ठेवा. पावडर आजपासून बंद, कॅल्शियम तिनेच वाढलंय. पंधरा दिवसांनी कॅल्शियम परत बघू."

हिने हे ऐकलं, ती अजून हसतेय. हसू दे. मला भजनाला उशीर होतोय.