मागे हँडल असलेली सायकल

झाडगाव, रत्नागिरी
मार्गशीर्ष, १९३८

प्रिय दमू,

तुझं सायकलवरच्या मुलीचं चित्र पोचलं. लखोट्यावर 'वाकवू नये' असं लिहिलं होतंस, तेव्हा पोस्टमनने तो बाळंतिणीचं मूल द्यावं तसा दोन्ही हातांनी दिला. मी चित्र ओटीवरच्या खुर्चीत बसवलंय आणि स्वतः बाकावर बसलोय. शेजारची तुळसा विरजण मागायला आली होती. तिने मान वाकडी करकरून बघितलं आणि म्हणाली, "पोरगी झ्याक बसलीय हो आप्पा, पण जाणार कधी?" घरात आणखीही दोन पाहुणे आहेत, त्यांचं मत नंतर सांगतो.

तू चित्र पाठवलंस त्या मासिकाच्या संपादकांनीही तुला हेच कळवलं ना, की सायकल बिनचूक आहे, पण चालत नाही? तू लिहितेस की कमळाआत्याच्या चाळीखाली उभ्या असलेल्या डॉक्टरांच्या सायकलीपुढे बैठक मारून तू चाकातली तार न् तार मोजलीस, साखळीची कडी न् कडी काढलीस, तरी ती खुंटीला टांगल्यासारखी दिसते. आणि खाली बारीक अक्षरात, आता पुन्हा काढून पाठवायचंय, हेही परत आलं तर बाबांचं खरं. तुझ्या बाबांची अट मला ठाऊक आहे, बाळ. एक चित्र छापून आलं तर चित्रशाळेचं पुढलं वर्ष, नाही तर ट्रंक भरून देवरूख, आणि तिथे ते स्थळ. असं डोक्यावर घेऊन बसल्यावर कोण कडी मोजणार नाही?

मी जन्मभर मुलांकडून कविता म्हणवून घेतल्या. पहिल्या बाकावरचे हुशार कधी कधी स्वतःच आर्या रचून आणायचे. मात्रा मोजाव्यात तर एक कमी नाही, एक जास्त नाही. पण म्हणायला घ्यावी तर वर्ग डुलायचाच नाही. आणि मागच्या बाकावरचा एखादा वांड अशी साकी म्हणायचा की दोन मात्रा कुठे सांडल्या त्याचा पत्ता नाही, पण अख्खा वर्ग माना हलवतोय, खिडकीबाहेरचा शिपाईसुद्धा घंटा द्यायचा विसरलाय. तुझी सायकल पहिल्या बाकावरची आहे, दमू. तिला थोडं मागे बसव.

हल्ली मी जिथे तिथे सायकलींची चित्रं बघतो. बाजारातल्या दुकानाच्या कॅलेंडरवर एक नऊवारीतली बाई सायकलवरून चालली आहे, नाकात नथ, केसात अबोलीचा वळेसर, आणि लुगडं साखळीत अडकत नाही, कारण चित्रकाराने साखळी काढलेलीच नाही! सायकल विकणाऱ्या कंपनीच्या पुस्तकात नेमकं उलटं. तिथे साखळी आहे, ब्रेक आहे, घंटीवरची नक्षीसुद्धा आहे, पण वर माणूसच नाही. सायकल अशी एकटी उभी, सुट्टीतल्या शाळेसारखी. वर्तमानपत्रातल्या व्यंगचित्रात एका जाड्या साहेबाच्या भाराने दोन्ही चाकं अंड्यासारखी चपटी झाली होती, ते बघून मी एकटाच हसत सुटलो. पण या सगळ्यांहून मला आवडती सायकल आमच्याच भिंतीवर आहे. ती तू कधी पाहिली नाहीस, कारण तुझ्या जन्माआधीच ती पुसली गेली.

तुझ्या आईबाबांचं लग्न ठरलं तेव्हा रिवाजाप्रमाणे दाराच्या दोन्ही अंगांना चित्रं काढायची होती. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा नवरदेव. मुलगा इंग्रजी शिकलेला, तेव्हा माझ्या मनाने घेतलं की घोडा नको, सायकल हवी. नेहमीचा चितारी आजारी, म्हणून मिरकरवाड्यातून धाकूला बोलावलं. धाकू होड्या रंगवायचा, नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढल्या टोकावर, नाव घालायचा, डोळे काढायचा. सायकल त्याने बंदरावरून भुर्रकन जाताना पाहिली होती तेवढीच. "दोन चाकं आनि मधे मानूस, ह्येच ना मास्तर?" म्हणाला आणि कामाला लागला.

संध्याकाळी मी बघतो तर काय! नवरदेव झोकात बसलाय, मिशा वर, उपरणं वाऱ्यावर, पुढे टोकाला भगवं निशाण, आणि हँडल पाठीमागे! एक हात मागे टाकून नवरदेव ते धरून बसलेला. मी म्हटलं, "अरे धाकू, हँडल पुढे असतं रे!" त्याने माझ्याकडे अशा दयेने बघितलं की काय सांगू. "मास्तर, सुकानू कदी नाळेला बांदतात काय? आडवी जाईल की वो!" आणि मागच्या चाकामागे त्याने दोन पांढऱ्या वेलांट्या काढल्या होत्या. त्या कसल्या म्हणून विचारलं तर म्हणे, फेस. चालती होडी फेस सोडते, मग ही नाय सोडणार? तांबड्या रस्त्यावर समुद्राचा फेस! पण खरं सांगतो दमू, त्या दोन वेलांट्यांनी ती सायकल अशी पळत होती की दारातून आत जाणारा माणूस नकळत बाजूला सरायचा.

वरात दारात आली. तुझी आई उंबऱ्याशी मापाला पाय लावायला थांबली, भिंतीकडे तिची नजर गेली, आणि ती खुदकन हसली. तुझ्या बाबांचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः बादलीत चुना कालवला आणि नवरदेव, निशाण, फेस, सगळं पांढरं केलं. हत्ती तेवढा राहिला. तेव्हापासून घरात कोणी रंगाची वाटी घेतली की तुझ्या बाबांचं, आमच्या बाळाचं, एकच वाक्य, "हसं करून घ्यायची हौस आहे का?" ते वाक्य तू लहानपणापासून ऐकलंयस. ते कुठून आलं, ते आज सांगितलं.

पण धाकूने रंग खलला होता होड्यांना लावतात त्या माशाच्या तेलात. त्यावर चुना कसा धरणार? दर दिवाळीला लावायचा, दर पावसाळ्याला कुठे कुठे पोपडे. यंदा भाद्रपदात मात्र भिंतीवर काहीतरी वाटोळं उगवलं. मी आपला हरखलो, म्हटलं पौर्णिमाच आली घरात, दोन ओळीही जुळवल्या. चार दिवसांनी चंद्राला तारा दिसायला लागल्या, मग मिशी आली. मी यंदा चुना लावूच दिला नाही.

आता पाहुण्यांचं. परवा देवरूखहून सर्व्हिस मोटारीने तुझे आईबाबा आलेत. बाळा म्हणाला, "आप्पा, ती तुमचं ऐकते. तुम्हीच लिहा तिला, पुरे झालं, निघून ये म्हणावं. पुन्हा चित्र परत येऊन चारचौघांत हसं होण्यापेक्षा बरं." तेच पत्र लिहायला मी सकाळी बसलो होतो. 'प्रिय दमू' एवढं लिहिलं आणि पुढे शाईच चालेना. तेवढ्यात ओटीवरून तुझ्या आईचं हसणं ऐकू आलं. ती भिंतीपुढे उभी होती. बाळा धावत बाहेर गेला, पुन्हा कान लाल. ती म्हणाली, "अहो, तेव्हा मी तुम्हाला नव्हते हो हसले! माहेरी मला भीती घातली होती, मास्तरांचं घर आहे, उठता-बसता चुका काढतील. उंबऱ्यावर हे चित्र बघितलं नि जीव भांड्यात पडला. म्हटलं, इथे चुकलेलंसुद्धा दारावर मिरवतात. दुसऱ्या दिवशी उठून बघते तर भिंत पांढरी. मग मीही जपूनच हसायला शिकले." बाळाने भिंतीजवळ जाऊन ते हँडल निरखलं. मग त्याने हात मागे नेला, त्या नवरदेवासारखा, आणि म्हणाला, "असं धरून वळवायचं कसं पण?" आणि दोघं जी हसत सुटली, की तुळसा विरजण तसंच हातात घेऊन परत आली. आत्ता बाळा माझ्या खांद्यावरून वाचतो आहे आणि लिहायला सांगतो आहे, ते त्याच्याच शब्दांत लिहितो. अट नाही. चित्र छापून येवो न येवो, पुढलं वर्ष शिकायचंच. देवरूखच्या मंडळींना तो स्वतः कळवेल. मात्र मे महिन्यात आगबोटीने इकडे यायचं. भिंतीवरचं पुढलं चाक पुसट झालंय, ते भरून द्यायचं, रंग धाकूकडूनच खलून घ्यायचा, आणि हँडल आहे तिथेच ठेवायचं.

तुझाच,
सायकलला वाट देऊन बाकावर सरकून बसलेला,
आप्पा