तिच्या नावामागचं शेपूट

४ ऑगस्ट, सोम.
सकाळी मिरजगावचे एक सभासद सभेची नोटीस फडकावत आले. नोटिशीवर नुसतं 'भाऊ'. "माजा साहेब कुनी खाल्ला?" म्हटलं, यंत्राने. खोटं नव्हतं. कोबॉलला, म्हणजे आमच्या जुन्या संगणकभाषेला, नावाचे तुकडे जोडायला सांगितलं की पहिली मोकळी जागा दिसताच तो तुकडा संपला असं धरतो. यांचं नाव 'भाऊ साहेब' असं तोडून लिहिलेलं. साहेब बाहेर राहिले. दोन मोकळ्या जागा लागोपाठ आल्या तरच थांब, असं बदलून दिलं. चहा पाजला. जाताना म्हणाले, "काम्पुटरलाबी मान ठिवता यीना व्हय."

संस्कृत पाठशाळेत संधी घोकली, आणि साखर कारखान्यात बसून लोकांची नावं सांधतो. घरी आलेल्या पाहुण्यांना व. हे सांगून हसायची. आता ती काष्टीला, वडिलांच्या घरात. शाळेची नोकरी तिथलीच, त्यामुळे लोकांना सांगायला कारणही शोधावं लागलं नाही.

६ ऑगस्ट, बुध.
टपालात नावबदलाचा अर्ज. पाकिटावरचं अक्षर पाहूनच कळलं. काष्टीचा ऊस व.च्या नावावर, म्हणून ती इथली सभासद. 'पतीचे नाव व आडनाव वगळून वडिलांचे लावावे.' राजपत्राची प्रत सोबत. जोडपत्र विसरणारी बाई नव्हेच ती.

मला 'महोदय' म्हटलं आहे. चोवीस वर्षांच्या संसारात प्रथमच.

वकिलाचे कागद मार्चपासून कपाटात. परस्पर संमती. तिची सही झालेली, माझी

१२ ऑगस्ट, मंगळ.
अर्ज ट्रेमध्ये तळाला ठेवतो. दुसऱ्या दिवशी वर येतो. हे काम रफिकचं. छपाईयंत्र तो सांभाळतो, आणि वीस वर्षं शेजारी बसून मलाही.
"सर, एक नाव बदलायला किती दिस?"
"तांत्रिक अडचण आहे."
"व्हय. दिसती ना अडचन. समोरच बसलीया."

व. जाताना म्हणाली होती, "तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीवर सुभाषित असतं हो. उत्तर कधी नसतं." त्यावर मला लगेच एक सुभाषित सुचलं होतं. म्हटलं नाही, एवढंच.

१४ ऑगस्ट, गुरु.
केलं. पडद्यावर जुनं नाव आणलं, यंत्रात सगळी नावं इंग्रजी अक्षरांतच: वसुधा पुरुषोत्तम शिंदे. त्याच रकान्यात नवं जोडून बसवलं. एका कळीचं काम. पुरुषोत्तम गेला, हरी आले. सासरे असते तर म्हणाले असते, "बसा जावईबापू, मीच उठतो." त्यांनी मला कधी अरेतुरे केलं नाही.

नव्या नावाची चिठ्ठी छापून पाकिटात घातली. वाचली नाही. एरवी प्रत्येक चिठ्ठी ताडून पाहतो.

१८ ऑगस्ट, सोम.
व. स्वतः आली. पांढऱ्या छत्रीची दांडी अजून तीच, तारेने बांधलेली. मीच बांधली होती. समोरच्या खुर्चीत बसली, सभासद बसतात तशी, काठावर.
"नाव झालं?"
"झालं."
"आणि त्या कागदांवर सही?"
"बघतो."
"काय बघता? वाचलेत ना?"
रफिक छपाईचे कागद आणायला म्हणून उठला. कागद त्याच्या हातातच होते.

पाकीट दिलं. तिने चिठ्ठी काढली, डोळ्यांपासून लांब धरली (चष्मा आणलेला नव्हता) आणि हसायला लागली. ते जुनं, खांदे हलवून.
"अहो, हे काय? काळेअम शिंदे?"

पाहिलं. वसुधा हरी काळेअम शिंदे.

नवं नाव आखूड. कोबॉल जोडताना आपल्या लांबीपुरतंच जुनं पुसतो, पुढचं तसंच राहू देतो. पुरुषोत्तमच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं शेवटचं 'अम' (AM) आणि अख्खे शिंदे मागे लटकलेले. म्हणून जोडण्याआधी सगळा रकाना मोकळा करायचा असतो. एक ओळ. नव्या पोरांना पहिल्या दिवशी मीच शिकवतो.

म्हटलं, "राहून गेलं."
"मुद्दाम?"
"नाही गं."
हसू तोंडावर होतं तसंच होतं, पण डोळे भरले. पदराने नाही, छत्रीच्या कापडाने पुसले. छत्री ओली होती.
"तेही मुद्दाम करता आलं नाही तुम्हाला," म्हणाली.

याला सुभाषित नव्हतं. मी म्हटलं, "बस ना." आधीच बसलेल्या माणसाला.

ती उठली. चिठ्ठी चुकीची आहे, बरोबर छापून देतो, म्हटलं. "पाठवून द्या," म्हणाली. पण चुकीची टेबलावर ठेवली नाही.

१९ ऑगस्ट, मंगळ.
ती ओळ घातली. पुन्हा चालवलं. वसुधा हरी काळे, आणि पुढे रकानाभर मोकळं. तीनदा तपासलं. बरोबर आहे. इतकं बरोबर काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

रफिकला अजून वाटतं मी मुद्दाम केलं. मलाही शंका आली, म्हणून आठवून पाहिलं. नाही. विसरलोच.

घरी कपाटातून कागद काढले. सहीची जागा पेन्सिलीने फुली मारून दाखवलेली, खाली छापलेलं पुरुषोत्तम शिंदे, स्वच्छ. पेन होतं. शाईही होती.

२१ ऑगस्ट, गुरु.
रफिक ऊस-नोंदणीच्या जीपने काष्टीला गेला होता. चिठ्ठी त्याच्याच हाती दिली. दुपारी परत आला तो सरळ छपाईयंत्राशी. मी तीन वेळा खोकलो.
"दिली?"
"दिली. ताई शाळेच्या व्हरांड्यात हुत्या. न बघताच पर्समदी टाकली."
"काही म्हणाल्या?"
"कायद्याचं कायबी न्हाई."
"मग?"
"इचारलं, सर जेवत्यात का येळंवर."
"तू काय सांगितलंस?"
रफिकने कागदाची गड्डी उगाच ठोकून सरळ केली. "सांगितलं, डबा आनत्यात. उघडत न्हाईत."

उद्यापासून त्याला आतल्या खोलीत जेवायला बसवणार आहे. फार पाहतो.

फुली अजून तशीच. खोडरबर सापडत नाही, पेन सापडतं.

डबा उघडला. पोळी, आणि काल केलेली भेंडी. फोन डब्याशेजारी उताणा ठेवला आहे, आवाज पूर्ण वाढवून. आत्ता वाजला. उसाच्या खताची जाहिरात. ती सगळी ऐकून घेतली.