सिग्नल नसताना चालू

पिंगळी,
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप पप्पांना सृष्टीचा नमस्कार.

तीर्थरूप लिहिलं म्हणून हसू नका. शाळेत असंच शिकवलं होतं आणि त्यानंतर कुणाला पत्र लिहायची वेळच आली नाही.

तुमची चिठ्ठी योगीराज मामांनी आणून दिली. त्यांचा भाजीचा टेम्पो तुमच्या व्यसनमुक्ती केंद्राच्या स्वयंपाकघरापर्यंत जातो म्हणून बरं, नाहीतर दिवाळीचा नमस्कार तुम्हाला होळीला पोचला असता. केंद्रात फोन ठेवू देत नाहीत याचा तुम्हाला राग येतो. मला मात्र ते आवडायला लागलं आहे. फोनवर तुम्ही ‘हां हां, बोल’ म्हणता आणि ऐकत नाही. कागद पूर्ण वाचावा लागतो.

इकडं सगळं ठीक. कापसाची वेचणी चालू आहे, हरभरा उगवलाय. परभणीला कॉलेजला जाते तेव्हा अधूनमधून दुकानाचं शटर वर करून झाडून घेते. वाइंडिंगला आलेल्या मोटारी शेजारच्या सिताराम मिस्त्रींकडं दिल्या, लोक किती थांबणार. गिऱ्हाईकं तुमची चौकशी करतात. मी सांगते, तब्येतीसाठी बाहेरगावी गेलेत. सगळ्यांना खरं माहीत असतं, तरी मान हलवतात. आई बरी आहे. हातही बरा आहे. कामात असते, म्हणून तिनं वेगळं लिहिलं नाही.

तुम्ही विचारलंत, सोळा तारखेच्या रविवारी न्यायला कोण येणार. ते सांगते, पण आधी माझी एक अडचण ऐका. ती तुमच्याच खात्यातली आहे.

आपला तो ठोकळ्यांचा गेम आठवतो ना? तुम्ही शेजारी बसून ‘ही तांबडी पूड कशाला सांडलीस’ म्हणायचात. ती पूड म्हणजे रेडस्टोन. जमिनीवर रेघ ओढली की सिग्नल पुढं जातो, आपल्या वायरीसारखाच. आता माझ्या वर्गातल्या महारुद्रनं त्यात नवा मॉड टाकून दिला आहे, म्हणजे बाहेरून घातलेली जादा यंत्रं. गेममधल्या त्याच्या स्वतःच्या कारखान्यातलं दगड दळायचं एक मशीन त्यानं उचलून मला दिलं. मी ते नदीकाठी बसवलं. करंट द्यायला जनरेटरपासून जाड केबल आणली. चालू-बंद करायला भिंतीवर लिव्हर लावला आणि तिथून मशीनपर्यंत पूड टाकली.

लिव्हर ओढला की पूड लालभडक पेटते, थेट मशीनच्या पायाशी. मशीन ढिम्म.

पूड पंधरा ठोकळ्यांच्या पुढं दमते, म्हणून मध्ये सिग्नल पुढं रेटणारा रिपीटर घातला. तो उलटा बसला होता, तो फिरवला. लिव्हर काढून दुसरा लावला. केबल काढून परत जोडली. महारुद्र म्हणतो, ‘माझ्याकडं तर मस्त चालायलं होतं, तूच काहीतरी बिघडवलंस.’ त्याला मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. एक विचित्र गोष्ट मात्र झाली. काल वैतागून लिव्हर बंद केला, सगळं तसंच टाकून मी खाणीत गेले, आणि परत आले तर दगड दळून पेटीत पडलेले. म्हणजे मी नसताना ते चाललं होतं. मी आल्यावर लिव्हर ओढला, परत ढिम्म. आता तुम्हीच सांगा, कुठून सुरुवात करू?

कागद संपत आला. रविवारचं पुढच्या पत्रात नक्की.

तुमची,
डोकं धरून बसलेली सृष्टी



केंद्र,
शनिवार, ८ नोव्हेंबर

चि. सृष्टीस पप्पाचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. इथं वाचायला दुसरं असतं काय, भिंतीवरचे सुविचार. ते सगळे पाठ झाले.

तुझ्या मशीनचं सांगतो. तू सगळा वेळ एकाच लाईनीत घुटमळलीस. मशीनला दोन लाईनी असतात. एक ताकदीची, एक हुकमाची. केबल म्हणजे ताकद, पूड म्हणजे हुकूम. तू नसताना दगड दळले गेले, म्हणजे ताकद पोचते. मशीन मोडलेलं नाही. मग केबल उपसायची गरज नव्हती. नवशिका वायरमन असाच सगळंच उपसून ठेवतो आणि मग काय कुठलं ते विसरतो.

आता हुकमाची लाईन. लिव्हर वर आहे का खाली ते बघू नको. पूड मशीनपासून एक ठोकळा तोड, आणि मशीन काय करतं ते नुसतं बघ. माझा अंदाज, ते चालू होईल. मोटारीच्या स्टार्टरमध्ये दोन जातीचे कॉन्टॅक्ट असतात. एक दाबल्यावर जुळतो, दुसरा दाबल्यावर सुटतो. तुझ्या मित्रानं त्याच्या कामापुरतं मशीन उलट्या जातीवर लावलेलं असणार आणि तसंच उचलून दिलं. म्हणजे तू ज्याला चालू म्हणतेस, ते त्याला बंद कळतं. मशीनवर कुठंतरी त्याची खूण असेल, ती शोध.

आणि एक ध्यानात ठेव. लिव्हर खाली आहे म्हणून मशीन बंद, असं धरून त्याच्यात हात घालायचा नाही. गेममध्ये चालतं, बाहेर चालत नाही. ‘लाईन बंद आहे’ असं कुणीही सांगितलं, देवानं सांगितलं तरी, टेस्टर लावल्याशिवाय हात लावायचा नाही. हे मी तुझ्या आईला शंभरदा सांगितलं होतं. तिनं ऐकलं नाही, घाई केली, आणि हात भाजून घेतला. मला त्याचं लय वाईट वाटतं. वायरमनच्या बायकोनं असं करावं? पण झालं ते झालं, तिला बोलू नको.

मी आता बरा आहे. हात थरथरत नाही, अक्षरावरून तुला कळेलच. इथल्या पंख्याचं कॉइल परवा मीच भरून दिलं. सर म्हणतात, भागवतराव, सोळा तारखेला घरचं कुणी न्यायला आलं तर तुम्हाला सोडतो, नाहीतर मुक्काम वाढेल. तू रविवारचं लिहिणार होतीस, लिहिलं नाहीस. आईला सांग, तिनंच यावं. मला तिला घेऊनच घरी जायचं आहे. दोघं मिळून दुकान उघडू.

उत्तर मामाजवळ दे. वाट बघतो.

तुझा,
पप्पा



पिंगळी,
बुधवार, १२ नोव्हेंबर

पप्पा,

पूड तोडली. मशीन चालू झालं. वरच्या कोपऱ्यात बारीक खूण होती. तीन प्रकार असतात: सिग्नल असताना चालू, सिग्नल नसताना चालू, आणि सिग्नलकडं लक्षच न देणारं. महारुद्रनं मधल्यावर ठेवलं होतं. न बघता, न हात लावता, त्या केंद्रातल्या खाटेवर बसून तुम्ही बरोबर सांगितलंत.

आता खरं सांगते. हे मी मोबाइलवर शोधलं असतं तर चहा गार व्हायच्या आत सापडलं असतं. मी शोधलं नाही. तुमचं डोकं ताळ्यावर आलंय का, ते मला बघायचं होतं. आई म्हणते पत्रात माणूस गोड लिहितो. म्हणून गोड लिहिता येणार नाही असं काहीतरी विचारलं. मागच्या वर्षी हेच विचारलं असतं तर तुम्ही लॅपटॉप ढकलून दिला असतात. तुमचं उत्तर वाचून मला इतका आनंद झाला की मी घराबाहेर जाऊन उभी राहिले, आईला तोंड दिसू नये म्हणून.

मग तिच्या हाताबद्दलचा परिच्छेद परत वाचला.

पप्पा, त्या दिवशी मी शेतात होते. भाकरी घेऊन आले होते. तुम्हाला ते आठवत नाही, कारण तुम्हाला त्या दिवसातलं काहीच आठवत नाही. तुम्हाला दुसऱ्या दिवशी जे सांगितलं ते तुम्ही धरून चालला आहात.

एप्रिल होता, भुईमुगाला पाणी द्यायचं होतं. बोअरच्या मोटारीची वायर स्टार्टरपाशी सुटली होती. लाईट गेलेली होती. तुम्ही लिंबाखाली बसला होतात आणि तुमच्या हातात पक्कड ठरत नव्हती. तीनदा पडली. आईनं उचलली. तुम्हीच म्हणालात, ‘तू जोड, म्या सांगतो तसं.’ मेन स्विच वर्षभर मोडका होता आपला. साऱ्या गावच्या मोटारी नीट करणाऱ्याच्या शेतात वायर डायरेक्ट होती. म्हणून आईनं विचारलं.

तिनं विचारलं, पप्पा. मी ऐकलं. ती म्हणाली, ‘अहो, ऑटो बंद केलाय का? लाईट आली तर मोटार आपोआप चालू व्हायची.’

तुम्ही म्हणालात, ‘बंद हाय. म्या केलाय. लाव हात.’

ती म्हणाली, ‘टेस्टर द्या की.’

तुम्ही म्हणालात, ‘माझ्यावर भरोसा न्हाई का तुझा?’

तिनं हात लावला. लाईट वेळेच्या आधी आली, ऑटो चालूच होता, स्टार्टर खटकन ओढला गेला. ती ओरडलीसुद्धा नाही. मी बाभळीच्या काठीनं वायर ओढून काढली, ते तुम्हीच मला लहानपणी शिकवलं होतं. तुम्ही उठायला गेलात आणि पडलात.

दवाखान्यात तिनं डॉक्टरला सांगितलं, माझीच चूक, न विचारता हात लावला. घरी आल्यावर तुमच्या भावकीला तेच सांगितलं. तुम्हाला तेच सांगितलं. मी तिच्यावर खूप चिडले. ती म्हणाली, ‘सृष्टे, ज्याच्या सांगण्यावरून बायकोला शॉक बसला त्याच्याकडं कोण मोटार आणील? मग तर ते पारच बुडतील.’ तिला तुमचं दुकान वाचवायचं होतं. मी गप्प बसले कारण तिनं शपथ घातली. आणि तुम्ही चारचौघांत म्हणत राहिलात की बाईमाणसाला किती सांगावं. ती ऐकून घ्यायची आणि चहा ठेवायला आत जायची.

तिचा हात बरा नाही. मी खोटं लिहिलं. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. कापूस डाव्या हातानं वेचते. पेन धरता येत नाही, म्हणून ती लिहीत नाही. कामाचं कारण मी काढलं होतं. आणि पेन धरता आलं असतं तरी तिनं लिहिलं असतं असं मला वाटत नाही.

रविवारी ती येणार नाही. हे मी मागच्या पत्रापासून टाळते आहे. तिला विचारलं तर म्हणाली, ‘तुला आणायचं तर आण. म्या नको म्हणणार न्हाई. पण मला “या” म्हणायला लावू नको.’ म्हणजे ओझं माझ्यावर. मला हे ओझं नको आहे, पप्पा. मी वीस वर्षांची आहे. बापाला घरी आणायचं का नाही हे मी ठरवायचं?

आणखी एक लिहिते, लागलं तर लागू द्या. तुम्ही गेल्यापासून घर नीट चाललं आहे. आई रात्रीची झोपते. जिन्यावर पाय वाजला की आता आम्ही दोघी भिऊन एकमेकींकडं बघत नाही. मी गेममधली ती मधली खूण बघितली, सिग्नल नसताना चालू, आणि लॅपटॉप मिटून ठेवला. मला ते मशीन आपल्या घरासारखं वाटलं आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. कारण मला तुम्ही हवे आहात. शेजारी बसून माझ्या चुका काढणारे, पक्कड कमरेला खोचून फिरणारे, कॉइल भरताना गुणगुणणारे. ते तुम्ही तुमच्या पत्रात अर्ध्या पानापर्यंत होतात. मग आईवर आलात आणि परत ते दुसरे झालात.

कदाचित तुम्ही म्हणाल, मला आठवत नाही तर मी काय करू. तुम्हाला आठवणार नाही हे मला कळतं. पण माझ्या मशीनचंही तुम्ही काही पाहिलं नव्हतं. तरी एकेक गोष्ट बाजूला काढत बरोबर जागी पोचलात. तसं या दिवसाचं करा. आई घाई करणारी बाई आहे का? टेस्टर कुणाच्या खिशात असायचा? ऑटोला हात कोण लावायचं? मोडका मेन बदलायचा कुणाकडून राहिला? माझ्या शब्दावर विसंबू नका, स्वतः तपासा.

रविवारी मी येते. मामांचा टेम्पो सांगून ठेवलेला नाही, बसनं एकटी येते. सरांना भेटायच्या आधी तुम्हाला भेटेन. तुम्ही मला एवढंच सांगायचं, आईचा हात कुणामुळं भाजला. माफी मागू नका, रडू नका, दारूला पुढं करू नका. नीट सांगितलंत तर मी बाहेर जाऊन मामांना फोन करीन आणि तुम्हाला घेऊन जाईन. तिनं घाई केली, असं पुन्हा म्हणालात तर मी आणलेला जेवणाचा डबा तुमच्यापाशी ठेवून त्याच बसनं परत फिरेन. मी रडेन, पण फिरेन.

शपथ मोडायची होती, म्हणून हे पत्र बंद करायच्या आधी आईला वाचून दाखवलं. मधे कुठंही तिनं थांबवलं नाही. संपल्यावर बराच वेळ डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं दाबत बसली. मी विचारलं, ‘फाडून टाकू का?’

ती म्हणाली, ‘दे मामाजवळ.’

तुमची आणि तिची,
सृष्टी