माड्डीवाड्याच्या उसन्या माणसाचा गोल

प्रिय जुझेदादा यास, कायतानचा नमस्कार.

मरिया सायबिणीच्या कृपेने लिस्बनच्या थंडीत तुझे गुडघे चालत असतील. इकडे मी आणि आपली धाकटी बहीण पिएदाद ठीक आहोत.

चर्चच्या फेस्ताच्या दुसऱ्या दिवशी माड्डीवाडा बॉइजशी आपली मॅच झाली. (बॉइज म्हणे! त्यांच्यातला सगळ्यात कोवळा बॉय बेचाळीस वर्षांचा, चष्म्याला दोरी बांधून खेळतो.) पूर्वी गावात एकच क्लब होता, हे तुला ठाऊकच आहे. अडुसष्ट साली ग्रुप फोटोत चेंडू कोणाच्या मांडीवर ठेवायचा यावरून आपले पप्पा आणि माड्डीवाड्याचा मिंगेल भांडले, आणि त्या लोकांनी वेगळी चूल मांडली. चूल मांडली खरी, पण आजतागायत तिच्यावर काही शिजलेलं नाही.

यंदा आपल्या दांडेवाड्याचे बरेचसे खेळाडू बोटीवर नोकरीला गेलेले, उरलो दहा. मॅच पुढे ढकलू या म्हणून सांगायला गेलो, तर मिंगेलचा मुलगा ईनास म्हणाला, "आमचा एक घेऊन जा. तुमच्यात कोणीही आला तरी सुधारणाच."

दिला कोण, तर पाववाला लोरेन्स. वय सत्तेचाळीस, त्यांच्याकडेही कायम बाकावर. (पावसुद्धा एकाच बाजूने भाजतो.) नको तिथे लुडबुड नको म्हणून मी त्याला थेट त्यांच्या गोलापुढे नेऊन उभा केला. शेवटच्या मिनिटाला ईनासने घाबरून चेंडू लाथाडला, तो लोरेन्सच्या बुडावर आपटला आणि उलटा त्यांच्याच जाळ्यात गेला. माझ्या बारा वर्षांच्या कप्तानीतला हा पहिला विजय, आणि तो असा बसायच्या जागेने मिळालेला.

माड्डीवाड्याने त्याला फितूर ठरवून त्याचा पाव बंद केला. (गोल बुडाने झाला, अक्कलही तिथेच असणाऱ्यांना हे कळू नये?) तेव्हापासून आपल्या घरी रोज तीस पाव येतात. खाणारी माणसं दोन. मी पिएदादला म्हटलं, कीव किती करायची त्याला काही माप आहे का?

ती शांतपणे म्हणाली, "अकरा वर्षं मी त्याच्याकडूनच पाव आणते. तू कधी विचारलं नाहीस."

मी त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी पाव खाल्ला. बरा होता.

तुझा,
कायतान

ता. क. पिएदादचं लग्न जानेवारीत आहे. टोस्टचा पेला तू उचलायचास. नवऱ्याच्या वाड्याविषयी चार बरे शब्द बोलावे लागतात, आणि आपल्याकडे तसली सवय कोणालाच नाही.

पुन्हा ता. क. मीच बोलणार होतो. पण आरशापुढे सराव करताना "आमची पिएदाद" एवढं म्हटलं की पुढचं बोलवत नाही. हे ईनासच्या कानावर जाता कामा नये.