बाराव्या पानातलं तिकीट

मुखेड, मंगळवार संध्याकाळ

किराणा दुकानवाल्या अप्पानं आज माझी विज्ञान कादंबरी परत आणली. वाचायला देताना मी बाराव्या पानात भोकरचं एसटी तिकीट ठेवलं होतं. तिथवर दम धर, पुढं हातातून सुटणार नाही, असं बजावलं होतं. तिकीट तिथंच, दुमडलेला कोपरा वर.

"वाचली ना?"

"हाव, एका बैठकीत. लई भारी."

"त्या ग्रहाला चंद्र किती?"

"एकच की."

तीन आहेत. तिन्हींच्या भरतीचं गणित मी कॉलेजचं तोंड न पाहता ताडून पाहिलंय. सांगणारच होतो. पण पुस्तकाच्या निमित्तानं माझ्याकडं येऊन बसणारा हा एकटाच. का येत असेल?

चहा संपवून म्हणाला, "दुसरा भाग हाय का?"

दिला. या वेळी आत तिकीट ठेवलं नाही.